परत मागवलेले पाकीट आणि न मोजलेला रुग्ण

पाकीटबंद खाद्यपदार्थात जिवाणू सापडले आणि कंपनीने माल बाजारातून परत मागवला, अशी बातमी आली की आपल्याकडे तिचा एकच अर्थ लावला जातो: कंपनीची अब्रू गेली. ग्राहक त्या नावाकडे पाठ फिरवतात, समाजमाध्यमांवर चार दिवस चर्चा होते आणि विषय मागे पडतो. ज्या देशात अशा बातम्या फारशा येत नाहीत तिथले अन्न चांगलेच असणार, हा समजही मग आपोआप रुजतो. गेल्या पाव शतकातली जगभरची मोठी प्रकरणे शेजारी शेजारी मांडून पाहिली की हा समज टिकत नाही. माल परत मागवता येतो, कारण त्याआधी कुणीतरी रुग्ण मोजलेले असतात, त्यांच्या रक्तातला किंवा शौचातला जिवाणू प्रयोगशाळेत वाढवलेला असतो, तो खाल्लेल्या पदार्थाशी जुळवलेला असतो आणि तो पदार्थ कोणत्या कारखान्यातून कोणत्या दिवशी निघाला याची नोंद हाताशी असते. या साखळीची एक कडी नसली तरी माणसे आजारी पडायची थांबत नाहीत. फक्त कोणते पाकीट परत मागवायचे हे कुणाला कळत नाही. म्हणून एखाद्या देशाची अन्नसुरक्षा जोखायची तर वर्षात किती वेळा माल परत मागवला गेला हा आकडा पुरेसा नाही. कारखान्यात दोष दिसल्यापासून किंवा पहिला रुग्ण दवाखान्यात आल्यापासून लोकांना सावध करेपर्यंत किती दिवस गेले, हे पाहिले पाहिजे. हे अंतर मोजायची सोयच भारतात आज नीट उभी नाही, आणि आपली खरी चिंता तीच असायला हवी.

आधी जिवाणूंविषयी, कारण पाकीट बंद आहे म्हणजे आतले अन्न सुरक्षित आहे या विश्वासात बरीच चूक आहे. साल्मोनेला कोरड्या पदार्थात वाढत नाही, पण मरतही नाही. मसाल्यात, दूधभुकटीत, शेंगदाण्याच्या लगद्यात तो महिनोन्महिने तग धरतो आणि कोरड्या अवस्थेत उष्णतेलाही जास्त दाद देत नाही. चॉकलेट किंवा पीनट बटरसारख्या स्निग्ध पदार्थात तर चरबीचे कवच त्याला पोटातल्या आम्लापासून वाचवते, त्यामुळे थोडेसे जिवाणूही आजाराला पुरतात. लिस्टेरियाची तऱ्हा वेगळी. आपण ज्या फ्रिजवर विसंबतो त्या फ्रिजच्या थंडाव्यातही तो वाढतो. कारखान्याच्या गटारांत, काप करणाऱ्या यंत्रांच्या फटींत तो चिकट थर करून वर्षानुवर्षे राहतो. निरोगी माणसाला त्याचा फारसा त्रास होत नाही, पण गर्भवती, नवजात बाळे आणि वृद्ध यांच्यात गंभीर संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे पाचातला एक जण दगावतो. शिवाय खाल्ल्यानंतर आजार दिसायला काही वेळा दोन महिन्यांहून अधिक काळ जातो. दोन महिन्यांपूर्वी काय खाल्ले हे कोण सांगणार? बाळाच्या दूधभुकटीत आढळणारा क्रोनोबॅक्टर क्वचितच आजार करतो, पण जो करतो तो मुख्यतः पहिल्या दोन महिन्यांतल्या बाळांना, आणि जीवघेणा. काही वेळा जिवाणू मेला तरी त्याचे विष उरते. जपानमध्ये 2000 साली स्नो ब्रँड कंपनीच्या दुधाने 13 हजारांहून अधिक लोक आजारी पडले. होक्काइडोतल्या तिच्या कारखान्यात काही तास वीज गेली होती, तेवढ्या वेळात गरम राहिलेल्या दुधात स्टॅफिलोकोकस वाढला आणि त्याचे विष पुढे दूध बनवायला वापरलेल्या भुकटीत उतरले. पुढच्या उष्णतेने जिवाणू मेले, विष तसेच राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली मांडलेल्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी 60 कोटी लोक आजारी पडतात आणि 4 लाख 20 हजार मरतात. त्यात सव्वा लाख मुले पाच वर्षांच्या आतली असतात.

आता उशीर कुठे होतो ते पाहू. पहिला उशीर कारखान्याच्या भिंतीआड होतो. अमेरिकेतल्या पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीचे प्रकरण यात सर्वांत उघड आहे. 2008च्या शरद ऋतूत सुरू झालेल्या साथीत 46 राज्यांतले 714 रुग्ण नोंदले गेले, नऊ जण मेले आणि बिस्किटांपासून आइस्क्रीमपर्यंत 3,900हून अधिक उत्पादने परत मागवावी लागली, कारण जॉर्जियातल्या एका कारखान्याचा शेंगदाण्याचा लगदा शेकडो कंपन्या कच्चा माल म्हणून वापरत होत्या. चौकशीत निघाले ते असे: कंपनीच्या स्वतःच्या तपासण्यांत साल्मोनेला आधीच वारंवार सापडला होता आणि तरी माल रवाना झाला होता. काही मालासोबत खोटी प्रमाणपत्रेही गेली होती. फ्रान्समधल्या लॅक्टॅलिसच्या क्राँ इथल्या कारखान्यात 2017च्या ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये फरशी आणि सफाईच्या साधनांवर साल्मोनेला आढळला होता. तो बाळांच्या दूधभुकटीत नव्हता, परिसरात होता, म्हणून तो सरकारला कळवण्याची गरज कंपनीला वाटली नाही. डिसेंबरमध्ये तीसहून अधिक बाळे आजारी असल्याचे दिसल्यावर 83 देशांतून 1 कोटी 20 लाख डबे परत मागवण्याची पाळी आली. पाश्चर इन्स्टिट्यूटने जिवाणूचा माग काढला तेव्हा हाच प्रकार 2005 साली याच कारखान्याशी जोडलेल्या साथीत होता, असे निघाले. बारा वर्षे तो तिथेच दबा धरून होता. बेल्जियममधल्या आर्लोन इथल्या फेरेरो कारखान्यात साल्मोनेला सापडला तो डिसेंबर 2021 मध्ये. किंडर चॉकलेट परत मागवायला सुरुवात झाली एप्रिल 2022 मध्ये, ईस्टरच्या तोंडावर, तीही ब्रिटनमधल्या आजारी मुलांचे नमुने एकमेकांशी जुळल्यावर. मधल्या काळात युरोपात शेकडो रुग्ण झाले आणि त्यातले बहुतेक लहान मुले होती. बोर्स हेडच्या व्हर्जिनियातल्या मांसप्रक्रिया कारखान्यात तर सरकारी निरीक्षक रोज हजर असत. बुरशी, कीटक, छतावरून ठिबकणारे पाणी अशा 69 नोंदी वर्षभरात कागदावर आल्या. तरीही 2024 मध्ये 61 जण आजारी पडून दहा मेले, तेव्हा कुठे कारखाना बंद झाला. या चारही ठिकाणी धोक्याची खूण कुणाच्या तरी वहीत आधी उमटलेली होती. ती वहीबाहेर आली ती रुग्णालयातून उलटा माग काढत लोक कारखान्यापर्यंत पोहोचले तेव्हा.

दुसरा उशीर यापेक्षा गंभीर, कारण त्यात कुणालाच काही ठाऊक नसते. दक्षिण आफ्रिकेत 2017च्या जुलैत मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या नवजात कक्षांतले डॉक्टर लिस्टेरियाचे रुग्ण वाढत असल्याचे कळवू लागले. त्या वेळी हा आजार सरकारला कळवणे तिथे बंधनकारक नव्हते, त्यामुळे आधी किती होते आणि आता किती, याची रीतसर तुलनाही करता येत नव्हती. डिसेंबरमध्ये साथ जाहीर झाली आणि त्याच महिन्यात आजार नोंद करणे सक्तीचे झाले. तरी उगम सापडेना. जानेवारी 2018 मध्ये सोवेटोतल्या एका पाळणाघरातली पाच वर्षांखालची नऊ मुले ताप आणि जुलाबांनी बेजार होऊन क्रिस हानी बारागवानाथ रुग्णालयात आली. तिथल्या बालरोगतज्ज्ञाला शंका आली, आरोग्य निरीक्षक त्याच दिवशी पाळणाघरात गेले आणि फ्रिजमधली पोलोनी, म्हणजे गरिबांच्या घरात पावाबरोबर खाल्ली जाणारी स्वस्त मांसाची लांबट वळकटी, तपासायला घेऊन आले. त्यात सापडलेला लिस्टेरिया रुग्णांच्या लिस्टेरियाशी जुळला आणि माग पोलोकवाने इथल्या टायगर ब्रँड्सच्या कारखान्यापर्यंत पोहोचला. 4 मार्च 2018 रोजी आरोग्यमंत्र्यांनी नाव जाहीर केले आणि माल परत मागवला गेला. तोवर आणि त्यानंतर मिळून 1,060 रुग्ण नोंदले गेले, 216 दगावले, आणि रुग्णांमध्ये चाळीस टक्क्यांहून अधिक 28 दिवसांच्या आतली अर्भके होती. जगातली ही लिस्टेरियाची सर्वांत मोठी ज्ञात साथ. ती दक्षिण आफ्रिकेत झाली म्हणून त्या देशाकडे बोट दाखवले जाते. पण ती ‘ज्ञात’ झाली याचे श्रेय त्या बालरोगतज्ज्ञाला आणि नमुने जपून वाढवणाऱ्या प्रयोगशाळेला आहे. अशी शंका जिथे कुणाला येत नाही, तिथे अशा साथी घडून जातात आणि आकड्यांत कुठेच दिसत नाहीत.

हे जुळवण्याचे शास्त्र गेल्या तीस वर्षांत उभे राहिले. 1993 साली अमेरिकेत कच्चट शिजलेल्या बर्गरमुळे सातशेहून अधिक लोक ई. कोलायने आजारी पडले आणि चार मुले मेली. त्या धक्क्यातून 1996 मध्ये पल्सनेट हे प्रयोगशाळांचे जाळे तयार झाले. दूरदूरच्या गावांतल्या रुग्णांमध्ये सापडलेला जिवाणू एकच आहे का, हे पाहणे त्यामुळे शक्य झाले. पुढे जिवाणूचा संपूर्ण जनुकक्रम वाचता येऊ लागला आणि ओळख आणखी नेमकी झाली. ब्लू बेल आइस्क्रीमच्या प्रकरणात याचा उपयोग दिसतो. 2015 मध्ये साउथ कॅरोलिनात नेहमीच्या तपासणीत आइस्क्रीममध्ये लिस्टेरिया सापडला. त्याचा जनुकक्रम जुन्या नोंदींशी ताडला तेव्हा कॅन्ससमधल्या एकाच रुग्णालयातले पाच रुग्ण जुळले. ते इतर कारणांनी तिथे दाखल होते आणि त्यांना त्या आइस्क्रीमचे मिल्कशेक दिले गेले होते. त्यातले तीन मरण पावले होते. आणखी मागे पाहिल्यावर 2010पर्यंतचे रुग्ण सापडले, एकूण दहा. पाच वर्षांत दहा रुग्ण म्हणजे कोणत्याही एका डॉक्टरला संशय येणार नाही इतकी विरळ साथ. नमुने साठवले होते, क्रम वाचले होते, म्हणूनच ती दिसली आणि कंपनीला सगळा माल परत घ्यावा लागला.

नाव जाहीर झाले की काम संपले, असेही नाही. लॅक्टॅलिसचे डबे परत मागवल्यानंतरही फ्रान्समधल्या मोठमोठ्या सुपरमार्केटांत, औषधांच्या दुकानांत आणि काही रुग्णालयांत ते विकले किंवा वापरले जात असल्याचे तपासणीत आढळले. त्या देशाने पुढे 2021 मध्ये परत मागवलेल्या सगळ्या वस्तूंची एकच सरकारी यादी लोकांसाठी खुली केली. संगणकावर चालणाऱ्या दुकानांची ही कथा असेल, तर आपल्याकडचे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहावे. कारखान्यातून माल सुपर स्टॉकिस्टकडे जातो, तिथून एजन्सीकडे, तिथून गावच्या घाऊक दुकानात आणि शेवटी गल्लीतल्या किराणा दुकानात. बिलावर वस्तूचे नाव आणि नग असतात, बॅच नंबर क्वचितच असतो. पाच रुपयांच्या पुड्यांची माळ दुकानाच्या दारात लटकते, त्यावरची शाई घासून गेलेली असते. शेवटची कडी तर आपल्या स्वयंपाकघरात तुटते. मसाला आणला, कात्रीने पाकिटाचे तोंड कापले, डब्यात ओतला आणि पाकीट कचऱ्यात. बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, सगळे त्याच कापलेल्या पट्टीबरोबर गेले. उद्या वर्तमानपत्रात अमुक बॅचचे तिखट खाऊ नका असे छापून आले तर आपल्या डब्यातले तिखट त्यातले आहे की नाही, हे घरात कुणालाच सांगता येणार नाही.

भारतात कायदा नाही असे म्हणता येणार नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 सालचा, तो अमलात आला 2011 मध्ये. त्याच्या कलम 28 नुसार आपले अन्न नियमांत बसत नाही असे मानायला कारण असेल तर व्यावसायिकाने स्वतः माल परत घ्यायचा आहे. 2017 मध्ये त्यासाठी स्वतंत्र नियमावली आली आणि उत्पादक, आयातदार, घाऊक विक्रेते यांच्याकडे माल परत घेण्याची तयार योजना असणे बंधनकारक झाले. असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाल्यास जन्मठेपेपर्यंतची तरतूद आहे. पण दारात उभ्या असलेल्या रुग्णाला या कायद्याशी जोडणारी जी तरतूद आहे, तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. कलम 35 नुसार अन्न प्राधिकरण अधिसूचना काढून ठरावीक भागातल्या डॉक्टरांना अन्नविषबाधेचे प्रत्येक प्रकरण कळवायला सांगू शकते. आपल्या सरकारी साथनियंत्रण यंत्रणेत लग्नाच्या पंगतीतली, आश्रमशाळेतली, प्रसादातली विषबाधा नोंदली जाते, कारण तिथे एका वेळी शंभर माणसे ओकाऱ्या करू लागतात. पाकीटबंद पदार्थाची साथ तशी नसते. ती एका गावात एक, दुसऱ्या जिल्ह्यात दोन अशी विखुरलेली असते. रुग्ण गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो, डॉक्टर जुलाबाचे औषध आणि प्रतिजैविक देतो, शौचाची जिवाणू तपासणी होतच नाही. ती केली असती तरी तिचा अहवाल दुसऱ्या जिल्ह्यातल्या अहवालाशेजारी ठेवणारे कुणी नाही. हे करणे अशक्य नाही: भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ईशान्येतल्या राज्यांत ‘फूडनेट’ नावाने रुग्णालये आणि प्रयोगशाळा जोडून असे काम चालवले आहे. महाराष्ट्रात वैद्यकीय महाविद्यालये आहेत, अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळा आहेत. त्यांना एकमेकांशी बांधणारा धागा तेवढा नाही.

या अभावाची किंमत आपल्याला परदेशातून कळते. 2019 मध्ये अमेरिकेत एमडीएचचा सांबार मसाला साल्मोनेलामुळे परत मागवला गेला. एप्रिल 2024 मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने एमडीएच आणि मुंबईच्या एव्हरेस्टच्या काही मसाल्यांवर इथिलीन ऑक्साइडच्या अंशामुळे कारवाई केली. आपली उत्पादने सुरक्षित असल्याचे कंपन्यांनी सांगितले. ही दोन प्रकरणे वेगळी वाटतात, एक जिवाणूचे, दुसरे रसायनाचे. पण इथिलीन ऑक्साइड मसाल्यात वापरला जातो तो मुख्यतः साल्मोनेलासारखे जिवाणू मारायलाच. मसाल्यात जिवाणू येतात कुठून याचे उत्तर कारखान्याच्या आधीच्या टप्प्यावर आहे. नंदुरबारच्या परिसरात हंगामात ओली लाल मिरची मोकळ्या जमिनीवर पसरून वाळवतात. या पथाऱ्या दुरून लाल गालिच्यासारख्या दिसतात. त्यांच्यावरून माणसे चालतात, पाखरे उतरतात, रात्री उंदीर फिरतात, आणि अवकाळी पावसाची एक सर आली की वाळत आलेली मिरची पुन्हा भिजते. ओल आणि विष्ठा यांची गाठ तिथेच पडते. वाळवण्यासाठी सिमेंटचे ओटे, जाळीचे आच्छादन, सौर वाळवणयंत्रे आणि शेवटी वाफेचे निर्जंतुकीकरण हा खरा उपाय आहे. तो शेतकऱ्याच्या आणि छोट्या व्यापाऱ्याच्या आवाक्यात यावा म्हणून सरकारी पैसा लागेल. तो खर्च टाळून शेवटी इथिलीन ऑक्साइडचा वायू सोडायचा आणि तो वायू परदेशी प्रयोगशाळेत सापडला की माल परत घ्यायचा, हे फार दिवस चालणारे नाही. त्यातही विचारायला हवा असा प्रश्न उरतो: सिंगापुरातल्या मराठी कुटुंबाला जी सूचना मिळते, ती साताऱ्यातल्या कुटुंबाला का मिळू नये?

या मांडणीवर काही आक्षेप येतील, आणि त्यातले काही वजनदार आहेत. पहिला, घाईने नाव जाहीर केले तर निरपराध भरडला जातो. हे खरे आहे. 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलायची साथ आली तेव्हा हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी स्पेनच्या काकड्यांकडे बोट दाखवले आणि स्पॅनिश शेतकऱ्यांचा माल सडून गेला. खरा उगम निघाला इजिप्तमधून आलेल्या मेथीच्या दाण्यांचे मोड, आणि पन्नासहून अधिक माणसे त्यात गेली. 2013 मध्ये न्यूझीलंडच्या फॉन्टेराने बोटुलिझमच्या भीतीने दुग्धप्रथिनाचा माल परत मागवला, काही आठवड्यांनी तो जिवाणू निरुपद्रवी भाऊबंद निघाला. आपल्याकडे 2015 मध्ये मॅगीवर शिशाच्या कारणाने देशभर बंदी आली, कंपनीने हजारो टन माल नष्ट केला, आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. कंपनीला बाजू मांडू दिली नव्हती आणि तपासण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत झाल्या नव्हत्या, ही त्यामागची मुख्य कारणे. पण या तिन्ही प्रकरणांतून गप्प बसण्याचा धडा निघत नाही. चूक झाली ती अपुऱ्या तपासणीमुळे. जर्मनीत खरा उगम सापडला तोही रुग्णांनी हॉटेलात नेमके कोणते पदार्थ खाल्ले याच्या काटेकोर याद्या आणि पुरवठ्याच्या नोंदी जुळवून. चांगल्या, मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आणि पक्क्या नोंदी असल्या की ग्राहकही वाचतो आणि निर्दोष उत्पादकही. बॅचची नोंद नीट असली तर एक बॅच परत घेऊन भागते. नोंद नसली की सगळे नावच बाजारातून काढावे लागते.

दुसरा आक्षेप टंचाईचा. फेब्रुवारी 2022 मध्ये ॲबटने अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या कारखान्यातली बाळांची दूधभुकटी क्रोनोबॅक्टरच्या संशयावरून परत मागवली. चार बाळे आजारी होती, दोन दगावली होती. त्यांच्याकडून मिळालेले जिवाणू कारखान्यातल्या जिवाणूंशी जुळले नाहीत, पण कारखान्यात क्रोनोबॅक्टर सापडला होता. उन्हाळ्यापर्यंत दुकाने रिकामी झाली आणि सरकारला लष्करी विमानांनी युरोपातून भुकटी आणावी लागली. माल परत मागवण्यामुळे जास्त बाळांचे हाल झाले, असे म्हणणारे आहेत. पण एका कारखान्यावर देशाची एवढी भिस्त ठेवली हा दोष बाजाराच्या रचनेचा होता. आतल्या एका कर्मचाऱ्याने ऑक्टोबर 2021 मध्येच लेखी तक्रार पाठवली होती, तपासणी सुरू झाली जानेवारीच्या अखेरीस. शिवाय त्या वेळी क्रोनोबॅक्टरचा आजार सरकारला कळवणे अमेरिकेत जवळपास एकट्या मिनेसोटा राज्यात बंधनकारक होते, म्हणजे देशात खरोखर किती बाळे आजारी पडली हे कुणीच मोजत नव्हते. पुन्हा तीच कडी तुटलेली.

तिसरा आक्षेप आपल्या ओळखीचा: आपण सगळे उकळून, शिजवून, फोडणी देऊन खातो, आपल्याला या विदेशी आजारांचे काय? भाजीत उकळलेल्या मसाल्यापुरते हे बरेचसे बरोबर आहे. पण काकडीवर भुरभुरलेले तिखट, फळांवरचा चाट मसाला, श्रीखंड, आइस्क्रीम, चॉकलेट, डब्यातले पनीर, आणि बाळाची भुकटी आपण शिजवत नाही. भुकटी किमान 70 अंश तापमानाच्या पाण्यात कालवून मग निववावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे ती बहुधा कोमट पाण्यात कालवली जाते. तयार खाद्यपदार्थांचा वापर वाढतो आहे, तसतसा उकळण्याचा हा जुना आधार निसटतो आहे. चौथा आक्षेप छोट्या उद्योगांचा: बचत गटाची पापड-मसाल्याची चूल एवढ्या तपासण्या कशा करणार? त्यांना मोठ्या कारखान्याचे नियम लावू नयेत, हे मान्य. पण तारीख आणि बॅच लिहिलेली वही ठेवायला फारसा पैसा लागत नाही, आणि तालुक्याच्या पातळीवर परवडणारी तपासणी उपलब्ध करून देणे हे सरकारचे काम आहे. पाचवा आक्षेप असा, की आतल्या तपासणीचे निष्कर्ष सांगणे सक्तीचे केले तर कारखाने तपासणीच बंद करतील. म्हणूनच तपासणी सक्तीची हवी, वेळेवर कळवणाऱ्याशी सौम्यपणा हवा आणि लपवणाऱ्याला कठोर शिक्षा हवी. अमेरिकेत शेंगदाणा कंपनीचा प्रमुख स्टुअर्ट पार्नेल याला 2015 मध्ये 28 वर्षांची कैद झाली, ब्लू बेलला 2020 मध्ये 1 कोटी 72 लाख 50 हजार डॉलरचा दंड बसला. त्याआधीच, 2011च्या सुरुवातीला, तिथे नवा अन्नसुरक्षा कायदा आला आणि कंपनी नाही म्हणाली तरी माल परत घ्यायला लावण्याचा अधिकार सरकारला मिळाला.

एवढ्या सगळ्याचा निष्कर्ष असा. माल परत मागवल्याच्या बातमीला आपण भ्यायचे कारण नाही. ती बातमी येते तेव्हा यंत्रणा निदान उशिरा का होईना, जागी झालेली असते. भ्यायचे ते तिच्या गैरहजेरीला, कारण सव्वाशे कोटींहून अधिक लोकांच्या देशात पाकीटबंद अन्नातून जिवाणूंची साथ आलीच नसेल, हे शास्त्राला धरून नाही. ती आली आणि दिसली नाही, हेच जास्त संभवते. म्हणून मागण्या तीन. केंद्राने कलम 35 खाली अधिसूचना काढावी आणि निदान मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांपासून अन्नविषबाधेची सक्तीची नोंद सुरू करावी. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडून घेऊन रुग्णाचा आणि अन्नाचा जिवाणू एकाच ठिकाणी ताडण्याची सोय उभारावी. कारखान्याच्या परिसरातही रोगकारक जिवाणू सापडला तर तो ठरलेल्या मुदतीत कळवणे बंधनकारक करावे, आणि परत मागवलेल्या प्रत्येक बॅचची यादी मराठीसह सगळ्या भारतीय भाषांत लोकांसमोर ठेवावी.

आणि वाचकांना एक विनंती. मसाला, भुकटी किंवा पीठ डब्यात ओताल तेव्हा बॅच नंबर असलेली पट्टी कापून त्याच डब्यात ठेवा, डबा संपेपर्यंत. घरात दोघांना एकदम जुलाब आणि ताप आला तर औषधाबरोबर शौचाची तपासणीही मागा, आणि गेल्या काही दिवसांत काय काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगा. सोवेटोतल्या त्या पाळणाघरात आजारी मुलांच्या फ्रिजमध्ये पोलोनी शिल्लक होती म्हणून माग लागला. आपल्या घरातून तो लागायचा असेल तर ती पट्टी शिल्लक राहिली पाहिजे.